दुसरा कॉम्प्युटर कुणाचा?

घरच्या कामाला एक हवा, पोरांच्या गेमिंगलाही एक हवा... आणि बजेट मात्र एकच! छावणीतल्या एका घरात चाळीस हजारांच्या आत हे कसं जमलं, त्याची ही गोष्ट.

घरात कॉम्प्युटर एक आणि दावेदार चार! कुणाला ऑफिसचा मेल टाकायचाय, कुणाला रिटर्न भरायचंय, कुणाचं शाळेचं पीपीटी अर्धवट पडलंय, तर कुणाची अख्खी टीम लॉबीत ताटकळत बसलीय. टीव्हीच्या रिमोटवरून होणारी भांडणं आता जुनी झाली, मंडळी. आता भांडण होतं ते पासवर्डवरून. मग एखाद्या रविवारी, मटणाचं जेवण अंगावर आलेलं असताना, घरातला कर्ता माणूस जाहीर करतो, 'चला, एक दुसरा घेऊनच टाकू. साधासाच.'

हे 'साधासाच' प्रकरण फार गडबडीचं आहे बरं का. साधा, पण कुणासाठी? बहुतेक घरांत उत्तर तयारच असतं. नवा येतो मोठ्यांच्या कामाला आणि जुना जातो पोरांच्या गेमिंगला. ऐकायला एकदम शहाणपणाचं वाटतं. पोरं काय, खेळणारच तर आहेत! पण जरा डोकं लावा. एक्सेलच्या चार शीट, टॅली, ब्राउझरच्या दहा टॅब आणि एखादा व्हिडिओ कॉल... यानं कॉम्प्युटरला घाम फुटत नाही. घाम फोडतो तो गेम. म्हणजे ज्याला ताकद लागते त्याच्या हाती आपण दमलेलं यंत्र देतो आणि ज्याला नुसती शांतता हवी त्याच्यापुढे नवंकोरं ठेवतो. मग होतं काय? जुन्यावर गेम अडखळायला लागला की चौथ्या दिवशी पोरं पुन्हा नव्यावर हजर, 'मम्मी, फक्त दहा मिनिटं' म्हणत. पैसे गेले आणि भांडण होतं तिथंच राहिलं.

माझं म्हणणं साधं आहे : उलटं करा. जुना ठाकठीक करून कामाला घ्या आणि दुसरा आणा तो पोरांसाठी. हे मी हवेत बोलत नाहीये. माझ्या दादाच्या घरी आम्ही हेच केलं.

वीस तारखेची रात्र

दादाचं घर छावणीत. छत्रपती संभाजीनगरच्या या भागाची तऱ्हाच वेगळी. एकीकडे लष्कराची शिस्तीतली झाडं नि पांढऱ्या पट्ट्यांचे रस्ते, दुसरीकडे दर गुरुवारी भरणारा आठवडी बाजार, आणि मधोमध दाटीवाटीची घरं. दादा वाळूजला कंपनीत. सकाळी नगर नाक्यावरून कंपनीची बस पकडली की त्याचा दिवस तिकडेच. वहिनी बी. कॉम. २०२० च्या लॉकडाउनमध्ये तिनं एका सीएंकडची अकाउंट्सची कामं घरून करायला घेतली, ती आजतागायत सुरू आहेत. आता तिचे स्वतःचेही काही क्लायंट झालेत. मोठा पुतण्या आठवीत, धाकटी पुतणी चौथीत. आणि या सगळ्यांत मिळून २०१९ साली घेतलेला एक लॅपटॉप.

ज्यांच्या घरी जीएसटीचं काम चालतं त्यांना ११ आणि २० या तारखा वेगळ्या सांगायला नकोत. ११ ला जीएसटीआर-१, २० ला जीएसटीआर-३बी. तारीख चुकली की दिवसाला ५० रुपये लेट फी, निल रिटर्न असेल तर २०. रक्कम लहान वाटते, पण ती क्लायंटच्या नावावर लागते आणि क्लायंट विचारतो तो वहिनीला! तर अशाच एका २० तारखेच्या रात्री लॅपटॉपनं मान टाकली. माऊसचा बाण हलेना. कारण? संध्याकाळी चिरंजीवांनी लावून ठेवलेलं गेमचं अपडेट मागच्या मागे उतरत होतं. शेवटचं रिटर्न गेलं तेव्हा घड्याळात ११.४० झाले होते.

खरा धक्का मात्र दुसऱ्या दिवशी बसला. डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये एक फाइल सापडली. विकत घ्यायचा गेम फुकटात चालवून देणारी, 'क्रॅक' म्हणतात ती. मित्रानं लिंक दिली होती म्हणे. ॲण्टिव्हायरसनं ती वेळेत अडवली म्हणून ठीक. याच लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये पंधरा-सोळा व्यापाऱ्यांचे जीएसटी पोर्टलचे पासवर्ड सेव्ह केलेले. ड्रॉवरमध्ये दोन कंपन्यांच्या डिजिटल सिग्नेचरचे यूएसबी टोकन, कारण कंपनी किंवा एलएलपीचं रिटर्न त्या सहीशिवाय जात नाही. असल्या क्रॅकमधून पासवर्ड पळवणारे प्रोग्राम येतात हे आता काही गुपित राहिलेलं नाही. वहिनी रागावली नाही. ती गप्प बसली, आणि ते जास्त वाईट होतं. 'माझं काय, आज ना उद्या मी निस्तरेन,' ती मला म्हणाली. 'पण लोकांनी विश्वासानं दिलेलं आहे गं हे. सरांना काय तोंड दाखवलं असतं?'

म्हणजे प्रश्न नुसता 'माझा नंबर कधी'चा नव्हताच. ज्या यंत्रावर दुसऱ्यांचे हिशेब आहेत त्यावर पोरांनी बसू नये, एवढाच मुद्दा होता. कितीही गुणी पोरं असली तरी! आपणही कॉम्प्युटर क्लासमध्ये सर बाहेर गेले की रोड रॅश लावायचोच की.

जुन्याची डागडुजी

बजेट ठरलं चाळीस हजार. दादाचा हिशेब नेहमीचाच, 'पस्तीसचा नवा लॅपटॉप हिला, जुना पोरांना. विषय संपला.' मी म्हटलं, आधी जुन्याचं पोट उघडून बघू.

तुमच्याकडेही २०१८-१९ चा लॅपटॉप असेल तर हे नीट वाचा. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी करून मिळणारे जादा सुरक्षा अपडेट्सही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचेच. त्यामुळे बँकेचं, टॅक्सचं काम ज्यावर चालतं त्या मशिनवर विंडोज ११ हवंच. ते रीतसर चालायला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' नावाचं फुकट ॲप एका मिनिटात सांगतं, तुमचा पास की नापास. वहिनीचा पास झाला. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ठणठणीत. मग तो रांगत का होता? तर आत ४ जीबी रॅम आणि फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क. चांगल्या इंजिनाला सायकलची चाकं!

हार्ड डिस्क काढून ५०० जीबीची एसएसडी टाकली, रॅमची ८ जीबीची एक पट्टी वाढवली. दोन्ही मिळून खर्च ६,५०० रुपये. चालू व्हायला जो चहा होईपर्यंत वेळ घ्यायचा, तो आता गॅस पेटवेपर्यंत तयार असतो. विंडोज नव्यानं टाकलं. त्यावर टॅली, ब्राउझर, सहीचं सॉफ्टवेअर आणि मराठी टायपिंग. बास. गेम शून्य. वहिनीला नवा लॅपटॉप लागलाच नाही. आणि हातात उरले साडेतेहेतीस हजार.

(रॅमबद्दल एक सांगून ठेवते. मागच्या वेळी ऐकलेला भाव डोक्यात ठेवून दुकानात जाऊ नका. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले ते एआयच्या डेटा सेंटरांमुळे. चिप बनवणाऱ्या कंपन्यांना तिकडचं गिऱ्हाईक जास्त गोड लागतंय. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशियल' हा आपल्यासारख्यांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. म्हणून सुटी रॅम नंतर घेऊ असं म्हणण्यापेक्षा, आतच पुरेशी रॅम असलेलं मशिन बघणं आज फायद्याचं.)

आय-सेव्हनचा झगमगाट

आता पोरांचं मशिन. लॅपटॉप की डेस्कटॉप, हा वाद आमच्याकडे पाच मिनिटांत संपला. गेमिंग लॅपटॉपची बातच साठ हजारांच्या पुढे सुरू होत होती. शिवाय लॅपटॉप उचलून खोलीत नेता येतो, पांघरुणात नेता येतो... डेस्कटॉप जागचा हलत नाही! बिघडला तर एकेक भाग बदलता येतो, हे आणखी वेगळं. प्लेस्टेशन, एक्सबॉक्सचाही विचार झाला. पण दोघांनाही प्रोजेक्ट, टायपिंग, पुढेमागे थोडं कोडिंगही लागणार. कन्सोलवर ते होत नाही. लायनक्स फुकट आहे आणि मला आवडतंही, पण मोठ्याचा जीव ज्यात अडकलाय तो व्हॅलोरंट लायनक्सवर चालत नाही. विषय कट.

मग एका शनिवारी मी आणि पुतण्या गाडीवर निघालो. लोखंडी पुलावरून खाम ओलांडली, शहरात शिरलो, पैठण गेट आणि निराला बाजार पालथा घातला. पहिल्याच दुकानात काचेचा डबा, आत लाल-निळे दिवे नाचतायत, पंखे इंद्रधनुष्यासारखे. चिरंजीव जागेवरच विरघळले.

'आय-सेव्हन है मॅडम, आय-सेव्हन! सोला हजार. बच्चे खुश हो जाते,' दुकानदार म्हणाला.

'कौनसी जनरेशन?'

'जनरेशन का क्या करना? आय-सेव्हन है ना!'

मंडळी, सगळी मेख इथेच आहे. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही नुसती आडनावं झाली. कूळ कळतं ते पुढच्या आकड्यावरून. ३७७० म्हणजे तिसरी पिढी, ८५०० म्हणजे आठवी. दहावीपासून पहिले दोन आकडे बघायचे, म्हणजे १०४०० हा दहाव्या पिढीचा. त्या झगमगत्या डब्यात होता आय-सेव्हन ३७७०, साल २०१२! तो आला तेव्हा भारीच होता, वाद नाही. पण त्याला विंडोज ११ ची अधिकृत मान्यता नाही. दुकानदार जुगाड करून टाकून देतात, ते वेगळं. आणि व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट नसेल तर सरळ नाही म्हणतो. म्हणजे ज्या गेमसाठी घेतला तोच चालायचा नाही. २०१८ चा साधा आय-फाइव्ह ८५०० मात्र सहा कोअरचा, आणि तो विंडोज ११ च्या यादीत आहे. दिवे काय, शंभर रुपयांची माळ आणून लावता येते.

एएमडीचा रायझन मिळत असेल तर ३००० सिरीजपासून पुढचा डेस्कटॉप प्रोसेसर बघा. तोही चालेल, उत्तम चालेल.

ऑफिसातून रिटायर झालेला डबा

चौथ्या दुकानात आमचा डबा सापडला. काळा, चौकोनी, सरकारी कपाटासारखा दिसणारा. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर ही नावं लक्षात ठेवा. मोठमोठ्या कंपन्या काही वर्षं वापरून हे डेस्कटॉप एकगठ्ठा बदलतात आणि ते 'रिफर्बिश्ड' म्हणून बाजारात येतात. एसी ऑफिसात नऊ ते सहा नोकरी केलेली ही यंत्रं. दिसायला बोअर, पण हाडं मजबूत.

यात दोन-तीन आकार येतात आणि इथे घाई नको. पुस्तकाएवढा 'मायक्रो' किंवा 'टायनी' फार गोंडस दिसतो, पण त्यात नेहमीचं ग्राफिक्स कार्ड बसत नाही. कामाला छान, गेमिंगला नाही. मधला 'स्लिम' घेतला तर कार्डही बुटकंच शोधावं लागतं, आणि जाड कार्ड काही डब्यांत शिरत नाही. म्हणून उभा 'टॉवर' बघा. आणखी एक भानगड म्हणजे या कंपन्यांच्या अनेक मॉडेलांत पॉवर सप्लायची जोडणी त्यांची स्वतःची असते, बाजारातला दुसरा आणून सहज लावता येत नाही. त्यामुळे आहे त्या सप्लायवर चालेल असंच कार्ड घ्यायचं, म्हणजे ज्याला वेगळी वायर जोडावी लागत नाही, बोर्डाच्या खाचेतून मिळणाऱ्या ७५ वॅटमध्येच ज्याचं भागतं.

छावणीत वाढलेल्या पुतण्याला जुनी वस्तू कशी पारखायची हे शिकवावं लागलं नाही. गुरुवारच्या बाजारात बैलाचे दात बघूनच बोली लावणारे शेतकरी त्यानं लहानपणापासून पाहिलेत. फक्त कॉम्प्युटरचे दात कुठे असतात एवढंच मी दाखवलं. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' नावाचं फुकट सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत आणि ती एकूण किती तास चालली ते सांगतं. सेटिंग्जमध्ये जाऊन विंडोजच्या ॲक्टिव्हेशनचं पान बघायचं. 'डिजिटल लायसन्स' असं दिसलं तर उत्तम. पण 'तुमच्या ऑर्गनायझेशनच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हिस'नं चालू झालंय असं काही दिसलं, तर समजायचं की बहुधा कुणीतरी शॉर्टकट मारलाय. कुठली ऑर्गनायझेशन? दुकानात तर कुणी नाही! मशिन अर्धा तास चालू ठेवून पंख्याचा आवाज ऐका. मागे-पुढे सगळ्या यूएसबी खाचांत पेन ड्राइव्ह घालून बघा. मॉनिटरवर पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा पडदा आणा, म्हणजे मेलेले ठिपके दिसतात.

'इत्ता तो शादी का लडका बी नै देखते, मॅडम,' दुकानदार हसत म्हणाला. पण चहा त्यानंच मागवला.

आमचं ठरलं ते असं : आय-फाइव्ह ८५००, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, टॉवर. १७,५०० रुपये, सहा महिन्यांची दुकानाची वॉरंटी. ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या आहेत ना, तेही उघडून बघितलं. एका सोळाच्या पट्टीपेक्षा दोन आठच्या बऱ्या, मेमरीला दोन रस्ते मिळतात. ५१२ जीबीचा आग्रह पुतण्याचा नव्हता, माझा होता. एकटा जीटीए फाइव्हच शंभर जीबीच्या वर जागा खातो, मग २५६ मध्ये काय नांदणार?

कार्डाची घासाघीस

ग्राफिक्स कार्डात दुकानदारानं आधी जीटीएक्स १०५० टीआय पुढे केलं. स्वस्त होतं आणि चालतंही बरं. पण एनव्हिडियानं या पिढीच्या कार्डांना नव्या गेम्ससाठीचे ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवलं, आता फक्त सुरक्षेपुरते अपडेट्स मिळतात. विंडोज १० मधून नुकते सुटलेलो आम्ही, पुन्हा त्याच विहिरीत कशाला उडी मारायची? त्याच्या पुढच्या पिढीचं जीटीएक्स १६५०, ४ जीबी, वेगळी वायर न लागणारं. सेकंड हॅण्ड, ७,५०० रुपये.

सेकंड हॅण्ड कार्ड म्हटलं की 'मायनिंगमधलं तर नाही ना?' हा प्रश्न येतोच. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमनं आपली पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डांवर ती नाणी काढण्याचा धंदा एका दिवसात बसला आणि रात्रंदिवस तापलेली कार्डं ढिगानं विकायला निघाली. एवढ्या वर्षांनी हे ओळखणं अवघडच. आम्ही दुकानात बसून वीस मिनिटं गेम चालवला. पडद्यावर रेघा नाहीत, पंखा खरखरत नाही, अचानक बंद पडत नाही. आणि महिनाभराची बदलून देण्याची हमी बिलावर लिहून घेतली. तोंडी नाही, बिलावर! वहिनीनं फोनवरून बजावलं होतं, 'पक्कं बिल आण, जीएसटी नंबरसकट.' अकाउंटंटच्या घरात खरेदी अशीच होते.

पण थांबा. तुमची मुलं दहाच्या आतली असतील आणि सगळी मजा माइनक्राफ्ट नि रोब्लॉक्समध्ये असेल, तर कार्डाचे हे साडेसात हजार आज घालूच नका. प्रोसेसरमध्ये असलेल्या ग्राफिक्सवर ते दोन्ही खेळ सेटिंग्ज थोडी कमी ठेवून चालतात. हौसेचा व्हॅलोरंटही त्यावर उघडतो. कार्ड पुढच्या दिवाळीला टाकता येतं. टॉवर घेण्यात हीच तर मजा आहे, एकदम सगळे पैसे काढावे लागत नाहीत. आमच्याकडे आठवीतले गृहस्थ होते, म्हणून आत्ताच घेतलं.

हॉलमध्ये, सगळ्यांसमोर

डेस्कटॉप कुठे ठेवायचा यावर जेवढी चर्चा झाली तेवढी तो घेताना झाली नाही. पुतण्याचं मत : आतल्या खोलीत, दार लावून. वहिनीचं : हॉलमध्ये, टीव्हीशेजारी, पडदा स्वयंपाकघरातून दिसेल असा. जिंकलं कोण हे सांगायला नको. मला स्वतःला पोरांच्या खांद्यावरून सारखं डोकावणं आवडत नाही, पण ऑनलाइन गेममध्ये समोर बोलणारा कोण हे आपल्याला कळत नसतं, तेव्हा हेडफोनच्या पलीकडे काय चाललंय हे निदान चेहऱ्यावरून तरी दिसावं.

दोघांना वेगवेगळे लॉगिन दिले, दोन्ही साधे. ॲडमिनचा पासवर्ड वहिनीकडे. म्हणजे नवीन काहीही टाकायचं तर मम्मीला हाक मारावीच लागते, आणि क्रॅकचा रस्ता बऱ्यापैकी बंद होतो. वेळेची मर्यादा मायक्रोसॉफ्टच्या फॅमिली सेफ्टीमधून. शाळेच्या दिवशी तासभर, रविवारी अडीच. हे आकडे तहाच्या बोलणीतून आलेत, शास्त्रातून नाही! कुठल्याही गेममध्ये कार्ड किंवा यूपीआय जोडून ठेवायचं नाही, हा दादाचा एकमेव नियम. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर केंद्राच्या २०२५ च्या कायद्यानं बंदी आणली, पण गेममधले कपडे नि बंदुकांचे रंग विकत घ्यायला कुणाची बंदी आहे? एका टॅपचं तर काम.

जीटीएवर मात्र अजून तह झालेला नाही. युरोपच्या पेगी रेटिंगमध्ये तो १८ च्या वरच्यांसाठी आहे, व्हॅलोरंट १६ आणि माइनक्राफ्ट ७. पुतण्याचा युक्तिवाद असा की वर्गातले सगळे खेळतात. वहिनीचा असा की वर्गातल्या सगळ्यांची रिटर्नं ती भरत नाही. सध्या जीटीए नाही. व्हॅलोरंटला परवानगी मिळाली ती दादानं एक अख्खा रविवार शेजारी बसून खेळ बघितल्यावर. (आता रविवारी संध्याकाळी दादाही खेळतो. हे वहिनीला वाचायला मिळणार आहे याची मला कल्पना आहे.)

राहिला विजेचा प्रश्न. उन्हाळ्यात वावटळ सुटली की लाइट जाते, हे छावणीत काय नि सिडकोत काय, सारखंच. डेस्कटॉपला बॅटरी नसते, त्यामुळे यूपीएस लागतोच. दुकानदार १ केव्हीएचा गळ्यात मारत होता. आमचं हे मशिन गेम चालू असतानाही दोनशे वॅटच्या आतबाहेरच राहतं आणि ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंत झेपवतो. काही मिनिटं मिळतात, तेवढ्यात गेम सेव्ह करून नीट बंद करता येतो. २,८०० रुपयांत भागलं. वापरलेला २२ इंची मॉनिटर ३,५००, कीबोर्ड-माउस ७००.

आता बेरीज. लॅपटॉपची डागडुजी ६,५००, डबा १७,५००, कार्ड ७,५००, मॉनिटर, कीबोर्ड-माउस, यूपीएस मिळून ७,०००. एकूण ३८,५००. दादाला 'नवा लॅपटॉप' न घेता पैसे संपल्याचं थोडं दुःख झालं, पण त्याच्या पस्तीस हजारांत एकाचंच भागलं असतं, इथे दोघांचं भागलं.

लॅपटॉपमधून निघालेली ती जुनी १ टीबीची हार्ड डिस्क मात्र टेबलावर तशीच पडून होती. दादाचं लगेच सुरू झालं, 'फुकट कशाला घालवायची? पोरांच्या डब्यात टाक, गेम ठेवायला होईल.' त्या डिस्कवर चार वर्षांचे लोकांचे हिशेब होते. नुसतं डिलीट केलं तर सॉफ्टवेअर लावून फाइल परत काढता येतात, हे सांगितल्यावर वहिनीनं ती सरळ उचलली आणि आपल्या ड्रॉवरमध्ये, डिजिटल सिग्नेचरच्या टोकनांशेजारी ठेवून दिली. भंगारवाल्यालाही नाही आणि पोरांनाही नाही. मग चारशे रुपयांचं एक यूएसबी केसिंग आणून त्यात ती बसवली. आता दर महिन्याच्या २१ तारखेला, रिटर्नं गेली की, ती त्यात टॅलीचा बॅकअप घेते आणि ड्रॉवरला कुलूप लावते. किल्ली कुठे असते ते मलाही माहीत नाही.